पुलीला पाचर

आमच्या बोईसरात दर दुसरा माणूस स्वतःला इंजिनियर समजतो आणि उरलेले सगळे सुपरवायझर असतात. मी यातला कुणीच नाही. मी केमिस्ट. जन्मभर तारापूरच्या एका रंगाच्या कारखान्यात, लॅबमध्ये काचेच्या नळ्या उजेडात धरून ‘अजून थोडा पिवळा हवा’ एवढं सांगण्याचा पगार घेतला. यंत्राशी माझा संबंध इतकाच, की खाली एखाद्या मोटरचा आवाज बदलला की मी खिडकीतून डोकं काढून ‘काय झालं रे?’ असं ओरडायचो. खालून कधी कुणी उत्तर दिलं नाही. तरीही रिटायर होऊन सरावलीच्या घरी बसल्यावर माझी पक्की समजूत झाली होती, की यंत्रातलं आपल्याला कळतं.

या समजुतीचं मूळ माकुणसारला, आमच्या वाडीत आहे. वाडीत विहिरीवर पंप, पंपाला पट्टा, पट्ट्याला पुली. पुली जुनी झाली की शाफ्टवर ढिली होते आणि फिरताना डुलायला लागते. नवी पुली आणायला जाणारा माणूस आमच्याकडे उधळ्या समजला जायचा. तेलाच्या डब्याचा पत्रा कापायचा, बोटभर रुंद पट्टी करायची, शाफ्ट आणि पुलीच्या मधल्या फटीत घालून हातोडीनं ठोकायची. ही पाचर. ती बसली की पुली सरळ, केळी ओल्या, आणि ठोकणारा खूश. माझ्या वडिलांनी ती ठोकली, काकांनी ठोकली, आणि मिसरूड फुटायच्या आत मीही ठोकली. पाचर ठोकता न येणारा मुलगा म्हणजे विहिरीवर राहून पोहता न येणारा मुलगा.

आता गाडीकडे येतो. गाडी आमच्या हिची. हे मी आज म्हणतो. तेव्हा ‘आपली’ म्हणायचो. जुनी व्हॅन, पुढची सीट उलटी केली की खाली इंजिन दिसतं अशातली. म्हणजे चालवणारा माणूस सरळ इंजिनावरच बसलेला असतो. मी रिटायर झाल्यावर हिनं सरावलीतल्या एकट्या राहणाऱ्या कामगारांना डबे द्यायला सुरुवात केली. आधी पिशव्या लटकवून चालत, मग पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकली. शिकताना एक कुंपण पाडलं, एक कोंबडी घाबरवली, पण शिकली. मी काही अजून शिकलेलो नाही. मला गाडी चालवता येत नाही, हे इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला सोपं जाईल.

एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॅकिंगच्या पाळीला जेवण पुरवण्याचं काम निघालं. तिथला कँटीन बघणारा सुपरवायझर हिला म्हणाला, ‘‘सोमवार ते शनिवार आणून दाखवा. दुपारचा भोंगा व्हायच्या आत डबे गेटमधी पायजेत. सगळं नीट झालं तर काम तुमचं.’’ ही घरी आली ती पायात भिंगरी घातल्यासारखी. इतकी वर्षं माझा डबा भरला, मुलांचे भरले, कुणी ‘छान झालं’ म्हटलं तर म्हटलं. आता परकी माणसं आठवडाभर जेवून सांगणार होती, की बाई, तुमच्या हातचं आम्हाला रोज हवं. तिला ते ऐकायचं होतं. तिनं तसं बोलूनच दाखवलं, आणि ती असलं काही बोलून दाखवणारी बाई नाही.

आणि नेमकी तेव्हाच व्हॅन थरथरायला लागली.

‘‘उभी राहिली की हलते,’’ ती म्हणाली. ‘‘चालली की बरी. नाक्यावर थांबले की माझ्या बांगड्या वाजतात.’’

तिचं स्वतःचं निदान असं होतं, की सीटची कडी ढिली झालीय. तिनं सीटखाली जुनं गोधडं कोंबलं. इंजिनाच्या वर गोधडं! मी ते ओढून काढलं आणि अर्धा तास भाषण दिलं. मग माझं निदान सुरू झालं. मी म्हटलं, कार्बोरेटर. का, तर मला तो एकच भाग नावानं माहीत होता. पेट्रोलनं धुतला, फुंकला, आणि शेजाऱ्यांनी बघितल्यावर थोडा जास्तच फुंकला. मग प्लग काढून पॉलिश पेपरनं घासले. तरी थरथर होतीच. शेवटी एक स्क्रू पिळून इंजिनाचा वेग वाढवून ठेवला. त्यामुळे गाडी नाक्यावर थांबली तरी पळायला निघाल्यासारखी गुरगुरायची आणि रिक्षावाले आपसूक बाजूला व्हायचे. मी म्हटलं, बघ, गेली थरथर. ती म्हणाली, ‘‘थरथर नाय गेली. तिच्यावर तुमी आवाज टाकलात.’’

मग आम्ही गॅरेजला गेलो. तिथल्या मिस्त्रीनं सीट उलटली, इंजिन हातानं हलवलं आणि लगेच सांगितलं, ‘‘अंकल, माउंटिंग गया है.’’ इंजिन ज्या रबरांवर बसतं ती रबरं बदलली, मी पिळलेला स्क्रूही परत जागेवर आणला. गाडी आता नव्या रबरांवर थरथरायला लागली. रोग रेड्याला नि औषध पखालीला म्हणतात ना, तसं. फरक एवढाच, की इथे आम्ही तिघंही वैद्य होतो आणि रेडा कुठला हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

एके संध्याकाळी ती डबे देऊन आली आणि म्हणाली, ‘‘एक सांगू? हेडलाईट लावली की जास्त हलते.’’

मी हसलो. खो खो हसलो. लाईटचा आणि हलण्याचा काय संबंध? उद्या म्हणशील हॉर्न वाजवला की टायर बसतो! ती आत गेली आणि कांदा जरा जास्तच जोरात चिरायला लागली.

दुसऱ्या दुपारी मी आडवा पडलो होतो. डोळा लागता लागता एकदम उठून बसलो. अरेच्चा! लाईट लावली की वीज जास्त लागते. वीज बनवणाऱ्या डायनामोला फिरवायला जोर लागतो. त्याला फिरवतो पट्टा. आणि पट्ट्याला ओढते इंजिनाच्या शाफ्टवरची खालची पुली. म्हणजे पट्ट्यावर ताण आला की जे हलतं, ते पुलीपाशीच असणार. शोध तिचा होता, पण ‘सापडलं!’ असं मी अशा आवाजात ओरडलो, की तिच्या हातातलं लाटणं पडलं.

कारखान्याचा आठवडा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, बिल्डिंगच्या आवारात चटई टाकून मी गाडीच्या पुढच्या बाजूला खाली शिरलो. शिरलो म्हणजे डोकं गेलं. पोटानं नकार दिला. मग चाकाखाली विटा लावून गाडी जरा वर घेतली. एका काठीला खडू बांधला. ती सीटवर बसली, तिनं इंजिन सुरू केलं, आणि मी काठी विटेवर टेकवून खडू फिरत्या पुलीच्या कडेजवळ हळूहळू नेला. पुली सरळ फिरत असती तर खडूची रेघ सगळीकडून सारखी उठली असती. इंजिन बंद करून बघितलं तर रेघ फक्त एका बाजूला. दुसरी बाजू काळी कुळकुळीत. पुली डुलत होती!

मला झालेला आनंद काय सांगू. इतक्या वर्षांत मी एवढं बरोबर काहीच ओळखलं नव्हतं. मी खालूनच ओरडलो, ‘‘पुली! पुली हाय ही!’’ वरून आवाज आला, ‘‘लाईटच्या वेळी हसत कोण होतं?’’ पण तिलाही बरं वाटलं होतं, ते आवाजावरून कळलं.

इथवर सगळं बरोबर होतं. इथे मी चटई गुंडाळून हात धुतले असते, तर आज हे लिहायला काही उरलंच नसतं.

मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, पुली आणि तिची चावी पालघरहून मागवावी लागेल, गाडी दोन-तीन दिवस ठेवून जा. चावी म्हणजे नखाएवढा अर्धगोल लोखंडी तुकडा. शाफ्टच्या आणि पुलीच्या खाचेत तो बसतो, म्हणून दोन्ही एकत्र फिरतात. ही लगेच म्हणाली, ‘‘ठेवूया गाडी. मी आठवडाभर रिक्षा सांगते. थोडं महाग पडेल, पडू दे.’’

‘‘रिक्षा कशाला?’’ मी म्हणालो. ‘‘संध्याकाळपर्यंत करून देतो.’’

‘‘नक्की?’’

‘‘अगं, पुली म्हणजे काय मला नवीन हाय?’’

तिनं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात विश्वासही होता आणि भीतीही, आणि मी त्यातला विश्वास तेवढा उचलला. संध्याकाळी मधला बोल्ट काढला. तो हातानंच निघाला, इतका ढिला होता. मागे कधी कुणी बेल्ट बदलताना नीट आवळला नसणार. पुलीही चपलेसारखी निघून हातात आली. आतली खाच रुंद झालेली, चावी एका अंगानं झिजलेली. बघताक्षणी माझ्यातला माकुणसारकर जागा झाला. स्वयंपाकघरात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता, झाकणावर पोपटाचं चित्र असलेला. पत्रा चांगला जाड होता. मी झाकण कापलं, पट्टी केली, झिजलेली चावीच परत बसवून फटीत पाचर ठोकली, बोल्ट आवळला. इंजिन सुरू केलं. काय सांगू महाराज, गाडी अशी शांत उभी राहिली, की चालू आहे का बंद हे बघायला हिनं दोनदा चावी फिरवली.

‘‘काय केलंत?’’ तिनं विचारलं.

‘‘पुली बसवली,’’ मी म्हणालो. पाचरीचं नाव काढलं नाही. का काढलं नाही, हे मला तेव्हाही नीट ठाऊक होतं. तिचंही माहेर केळव्याकडच्या वाडीतलं आहे. पाचर म्हणजे काय, हे तिला सांगावं लागलं नसतं.

सोमवार छान गेला, मंगळवारही छान. बुधवारी तिनं सुकटीची चटणी दिली. पॅकिंगमधल्या बिहारच्या पोरांनी आधी नाकं मुरडली आणि मग दुसऱ्यांदा मागून घेतली. सुपरवायझरनं स्वतः गेटपर्यंत येऊन सांगितलं, की मॅडम, हे असंच चालू ठेवा. ती घरी आली आणि गुणगुणत भांडी घासायला लागली. इकडे मी अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो होतो. आवारात खुर्ची टाकून बसायचो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला खडूचा प्रयोग सांगायचो. ऐकून ऐकून लोक आपापल्या गाड्या दाखवायला लागले. गुरुवारी सकाळी मी व्हॅनखाली डोकावून पाचर बघणार होतो, खरंच बघणार होतो. पण समोरचा शेजारी स्कूटर घेऊन आला, म्हणाला, काका, जरा आवाज ऐका ना. मी ऐकायला बसलो. स्कूटर त्याची, थाट माझा. तेवढ्यात हिनं डबे भरले आणि हाक मारली, ‘‘चला, उशीर होतोय.’’ त्या आठवड्यात मी रोज बरोबर जात होतो, कौतुक ऐकायला.

बोईसर सोडून एमआयडीसीच्या रस्त्याला लागलो आणि खालून खडखड सुरू झाली. आधी बारीक, मग डब्यात खडे घालून हलवल्यासारखी. नाक्याच्या अलीकडे एक मोठा आचका बसला आणि इंजिन बंद पडलं. तिनं परत चावी फिरवली. आतून नुसतंच गरगर फिरल्याचा आवाज आला. इंजिन काही धरेना. मागे ट्रकवाले हॉर्न मारायला लागले. गाडी ढकलून बाजूला घेतली आणि मी खाली वाकलो. रस्त्यावर तेलकट डागाशेजारी काहीतरी चमकत होतं. मी पायानं सरकवायला गेलो, पण ती माझ्याआधी वाकली.

चेपलेली, एका कडेनं फाटलेली पट्टी. तिच्यावर पोपटाची हिरवी शेपटी अजून दिसत होती.

तिनं ती उलटी-सुलटी करून बघितली. ‘‘माझा डबा,’’ ती म्हणाली. मग पट्टी माझ्यापुढे धरून, ‘‘पाचर ठोकलीत?’’

मी म्हणालो, ‘‘त्याचं असं झालं, की खाच—’’

‘‘माझा बाप पण ठोकायचा. दर चार दिवसांनी परत ठोकायला लागायची. तुमच्या वाडीत वेगळं व्हतं काय?’’

वेगळं नव्हतं. आमच्याकडेही चार-पाच दिवसांतून एकदा हातोडी घेऊन विहिरीवर जावंच लागायचं. पण पंप एका जागी उभा असतो, आणि तो बंद पडला तर केळी घड्याळ बघत नाहीत.

‘‘तुमाला म्हाईत व्हतं,’’ ती म्हणाली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो आणि जरा सुटलो असतो. ‘‘रिक्षा सांगते म्हटलं व्हतं मी. हा आठवडा माझा व्हता.’’

मग तिनं रस्त्याच्या मधोमध उभं राहून एक रिक्षा अडवली, त्यातल्या दोन माणसांना हात जोडून उतरवलं, मी आणि त्या दोघांनी मिळून डब्यांचे क्रेट आत चढवले आणि ती गेली. उतरलेली माणसं माझ्या शेजारी उभी राहून गाडीकडे बघत होती. त्यातला एक म्हणाला, ‘‘पुली का काम लगता है.’’ मी म्हणालो, ‘‘हो, मीच शोधलं.’’ अशा वेळी तोंडातून हेच निघावं! माझी मलाच शिसारी आली.

ती पोचायच्या आधी भोंगा होऊन गेला होता. पाळीच्या लोकांनी गेटबाहेर वडापाव खाल्ले होते. डबे भरलेले परत आले. सुपरवायझर वाईट बोलला नाही, एवढंच म्हणाला, ‘‘जेवण चांगलं हाय मॅडम. पण भोंगा कुणासाठी थांबत नाय.’’ तिनं ते डबे सरावलीतल्या कामगारांच्या चाळीत वाटून टाकले. माझ्या पुढ्यात एक ठेवला. मी चार घास खाल्ले आणि डबा झाकून ठेवला. काही म्हणा, हात दाखवून अवलक्षण करावं ते माझ्याइतकं कुणी करू नये.

गाडी टोचन करून गॅरेजला नेली. ती मिस्त्रीसमोर स्टूल टाकून बसली. मला समोरच्या चहाच्या टपरीवर बसवलं. मिस्त्रीनं पुली काढली, कातरली गेलेली चावी दाखवली. त्याच चावीच्या जोरावर इंजिनाचा टायमिंग बेल्टही फिरत होता. ती तुटली आणि सगळं वेळापत्रक कोलमडलं. आतल्या वॉल्व्हना धक्का बसला नव्हता, हे नशीब. मग त्यानं शाफ्टला चिकटलेला पत्र्याचा दुसरा तुकडा चिमट्यानं धरला. ‘‘ये क्या है?’’

ती म्हणाली, ‘‘हमारे तरफ का रिवाज है.’’

‘‘किसने किया?’’

‘‘आपने माउंटिंग बदला था ना? वैसाच एक होशियार हमारे घर में भी है.’’

मिस्त्री कान खाजवत खाली वाकला आणि कामाला लागला. मी टपरीवर आणखी एक चहा मागवला.

नवी पुली, नवी चावी, बोल्ट पान्यानं पूर्ण आवळलेला. आवळताना तिनं पुन्हा एकदा आवळायला लावला. शनिवारी ती एकटीच व्हॅन घेऊन सुपरवायझरकडे गेली. काय बोलली ते मला सांगितलं नाही. आल्यावर म्हणाली, ‘‘अजून एक आठवडा दिलाय. सोमवारपासून. तुमी बिल्डिंगमधी कुणाच्याही गाडीला हात लावायचा नाय.’’ मी मान हलवली. तो आठवडा मी रोज मागच्या सीटवर क्रेट धरून बसलो आणि एकदाही तोंड उघडलं नाही. नाक्यावर गाडी थांबायची, तिच्या बांगड्या वाजायच्या नाहीत, आणि आम्ही भोंग्याच्या आधी गेटवर असायचो.

त्या शनिवारी सुपरवायझरनं सांगितलं, की काम तुमचं, गेटवर कायमचा पास करून घ्या. ती उतरली. पदर नीट केला, एकदा मागे वळून माझ्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा असा उजळला होता, की मी क्रेट सोडून टाळ्या वाजवणार होतो. याच रस्त्यावरच्या शेजारच्या गेटातून मी जन्मभर आत गेलो होतो. तिथला वॉचमन उभा राहून सलाम करायचा. इथला वॉचमन नवा होता. तो पेन घेऊन पुढे आला.

‘‘गाड़ी किसकी?’’

‘‘मेरी.’’

‘‘ड्राइवर?’’

‘‘मैं.’’

त्यानं वाकून मागे बघितलं. माझे पांढरे केस बघून त्याचा आवाज जरा मऊ झाला. ‘‘और ये साहब?’’

तिनं क्षणभरही विचार केला नाही.

‘‘हेल्पर,’’ ती म्हणाली. ‘‘चला, उतरा. भोंगा व्हईल आता.’’

मी उतरलो, क्रेट उचलला आणि तिच्या मागोमाग आत गेलो.